सौदा ठरवण्याआधी समोरच्याचा वार विचारा

धामणगावच्या व्यापाऱ्याला गाड्यांचे वेळापत्रक शिकवावे लागत नाही. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचे हे गाव नावातच रेल्वे घेऊन बसले आहे. विदर्भ एक्स्प्रेस केव्हा येते, महाराष्ट्र एक्स्प्रेस किती उशिरा धावते, मनमाडला उतरल्यावर मालेगावची एस. टी. कोठून मिळते, हे गादी-रजईवाल्या पिंजाऱ्यापासून कापड दुकानदारापर्यंत सर्वांना तोंडपाठ असते. यवतमाळकडे जाणारा पाहुणाही याच फलाटावर उतरून चौकशी करतो. असे असूनही आमचे कितीतरी प्रवास फुकट जातात. कारण आम्ही गाडीची वेळ पाहतो, पण जेथे जायचे तेथला वार आणि सण पाहत नाही.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे सुती साड्यांच्या खरेदीसाठी मालेगावला निघालो. गुरुवारी दुकान सांभाळले, रात्रीची गाडी धरली आणि शुक्रवारी सकाळी मालेगावात उतरलो. गाव शांत होते. यंत्रमागाचा जो खडखडाट एरवी कानाला बसतो तो नव्हता. मालेगावच्या यंत्रमागांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते, ही गोष्ट त्या गावाबद्दल थोडेफार ऐकलेल्या कोणालाही माहीत आहे. आम्हाला ती नमाजी असूनही आठवली नाही! जुम्याची नमाज पढलो, मुक्काम वाढवला आणि शनिवारी खरेदी केली. दोन माणसांचा एका दिवसाचा खर्च आणि इकडे बंद राहिलेले दुकान, हा भुर्दंड आम्ही आमच्याच जुम्याकडे दुर्लक्ष केल्याबद्दल भरला.

दुसरी गोष्ट याहून शिकवण देणारी आहे. मुंबईच्या एका यहुदी कुटुंबाने वऱ्हाडी कापसाच्या गाद्या मागवल्या होत्या. काम आमच्या गावच्या एका कारागिराचे, मध्यस्थी आमची. माल ट्रान्सपोर्टने पुढे पाठवला, आम्ही रात्रीच्या गाडीने गेलो आणि शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन दारात उभे राहिलो. घरातले वयस्क गृहस्थ बाहेर आले आणि नम्रपणे म्हणाले, "आज आमचा शब्बाथ आहे. आज माल उतरवून घेता येणार नाही, पैशालाही हात लावता येणार नाही. संध्याकाळी तारे दिसल्यावर या." टेम्पोचे दिवसभराचे भाडे अंगावर पडले. मनातल्या मनात आम्ही बराच त्रागा केला. संध्याकाळी गेलो तेव्हा त्यांनी पै न् पै मोजून दिली, चहा पाजला आणि निघताना म्हणाले, "भाई, तुमची जुम्याची नमाज दोनपर्यंत होते. आमचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो. मधले चार तास आपल्या दोघांचेही मोकळे असतात. पुढच्या वेळी तेव्हा या."

त्यांना आमचा जुमा माहीत होता. आम्हाला त्यांचा शब्बाथ माहीत नव्हता. टेम्पोच्या भाड्यापेक्षा ही गोष्ट आम्हाला अधिक लागली. आज हा विषय मांडण्याचे कारण तेच आहे.

तीन दिवस, तीन तऱ्हा

शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे तीन धर्मांचे तीन दिवस ओळीने येतात. परंतु तिन्हींची तऱ्हा एक नाही, आणि व्यापाऱ्याने नेमकी हीच गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

जुमा हा मुळात दिवसभराच्या सुटीचा दिवस नाही. अजान झाली की खरेदी-विक्री सोडून नमाजेला जावे आणि नमाज झाली की पुन्हा पांगून अल्लाहचा फजल शोधावा, अशी कुरआनची शिकवण सूरह जुमामध्ये आहे. म्हणजे दुपारचे दीड-दोन तास कडक, बाकीचा दिवस कामाचा. परंतु प्रत्यक्षात जेथे मुस्लिम कारागिरांची वस्ती दाट आहे तेथे सोयीसाठी पूर्ण दिवस सुटी ठेवण्याची पद्धत पडली आहे. मालेगावचे सांगितलेच. मुंबईत चोरबाजारातली नेहमीची दुकानेही शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर जुमा बाजार भरतो. जुने लाकडी सामान आणि यंत्रांचे सुटे भाग घ्यायला जाणाऱ्याने हा फरक ओळखून जावे.

यहुदी बांधवांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत चालतो. आपल्याकडे जशी जुमेरातचा सूर्य मावळला की जुम्याची रात्र लागते, तसाच त्यांचाही दिवस संध्याकाळपासून मोजला जातो. जो यहुदी शब्बाथ काटेकोर पाळतो तो त्या काळात सौदा करत नाही, पैसे हाताळत नाही, वाहनात बसत नाही आणि फोनही उचलत नाही. त्याला शनिवारी दहा वेळा फोन करून "माणूस दाद देत नाही" म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

ख्रिस्ती बांधवांचा रविवार सकाळच्या प्रार्थनेचा असतो. दुपारनंतर बरेच जण भेटू शकतात. परंतु सकाळी नऊ-दहाला उधारी मागायला त्यांच्या दारात उभे राहणे, म्हणजे जुम्याच्या खुतब्याच्या वेळी कोणी आपल्याला बाहेर बोलावण्यासारखेच आहे.

यरुशलेमच्या जुन्या शहरात ही साखळी चालताना दिसते. शुक्रवारी मुस्लिम मोहल्ल्यातली वर्दळ नमाजेकडे वळते, शनिवारी यहुदी भाग बंद असतो आणि रविवारी ख्रिस्ती दुकानदारांची पाळी येते. तेथला व्यापारी पिढ्यान् पिढ्या या हिशेबाने माल भरतो. पण हे समजण्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही, आमच्या महाराष्ट्रातच त्याचा दाखला आहे.

कोकणचे शनवार तेली

कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी ते घाणा चालवत नसत, म्हणून आसपासचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. विचार करा, एका कारागीर जमातीची ओळख तिच्या मालावरून झाली नाही, जातीवरून झाली नाही, तर तिच्या सुटीच्या वारावरून झाली! गावकऱ्यांनी त्यांचा वार मान्य केला होता आणि तेल शुक्रवारी भरून ठेवण्याची सवय लावून घेतली होती.

या मंडळींनी आपल्या सणांना दिलेली मराठी नावे वाचली तर आमचे वाचक चकित होतील. नववर्षाला ते नव्याचा सण म्हणत. दिवसभर घराचे दार लावून उपवास करायचा तो दारफळणीचा सण. पुरीमला होळीचा सण म्हणत. उपवासांच्या एका महिन्याला तर ते रमजान म्हणत आणि एलियाहू नबीच्या नावाने उरूसही करत. शेजाऱ्याचे शब्द घेऊन स्वतःचा धर्म सांभाळला, यापेक्षा चांगले उदाहरण कोठे मिळेल? आज महाराष्ट्रात त्यांची संख्या थोडी राहिली आहे. बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. २०१६ साली राज्य सरकारने यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला, परंतु सरकारी सुट्यांच्या यादीत त्यांचा एकही सण नाही. म्हणून त्यांचे दिवस कॅलेंडरच्या लाल आकड्यांत सापडत नाहीत, ते विचारूनच घ्यावे लागतात.

चंद्र कोण पाहतो, सूर्य कोण पाहतो

तीन धर्मांची कालगणना वेगवेगळी आहे. तिचा ठोकताळा ध्यानात ठेवला तर दरवर्षी कोणाला विचारत बसावे लागत नाही.

आपले हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. म्हणून आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात.

यहुदींचे महिनेही चंद्राचेच, परंतु १९ वर्षांत सात वेळा ते एक महिना जास्त धरतात. आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल, कारण हा त्यांचा धोंड्याचा महिना झाला. त्यामुळे त्यांचे सण ऋतू सोडत नाहीत आणि मराठी पंचांगाच्या जवळपास राहतात. २०२४ व २०२५ ही दोन्ही वर्षे पाहा. त्यांचे नववर्ष घटस्थापनेच्या सुमारास लागले. त्यांच्या सर्वात मोठ्या उपवासाचा दिवस, योम किप्पूर, दोन्ही वर्षी दसऱ्याच्याच दिवशी होता. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. त्यांचा मांडवांचा सण कोजागिरीच्या सुमारास येतो, पुरीम होळीला आणि पेसाह म्हणजे वल्हांडण चैत्री पौर्णिमेला. अधिक महिना दोघांचा एकाच वेळी येत नाही, म्हणून एखाद्या वर्षी महिन्याचा फरक पडतो. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि त्यांचे नववर्ष नवरात्राच्या महिनाभर आधीच होऊन गेले. तेवढे वर्ष पाहून घ्यावे.

ख्रिस्ती वर्ष सूर्याचे. म्हणून नाताळ २५ डिसेंबरला पक्का. परंतु ईस्टर मात्र चंद्राला बांधलेला आहे. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार गुड फ्रायडे. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा पाहिली की दिवस हाती लागतो.

हे तिन्ही काही वर्षी एकत्र येतात. १९९१ च्या मार्च-एप्रिलमध्ये रमजान चालू असताना पेसाह आणि ईस्टर आले होते. त्यानंतर पुन्हा २०२२ आणि २०२३ मध्ये तसे घडले. २०२२ साली १४ एप्रिलला आंबेडकर जयंती व महावीर जयंती, १५ एप्रिलला गुड फ्रायडे, त्याच संध्याकाळपासून पेसाह आणि वरून रमजानचे रोजे, असा योग होता. बँकेच्या शाखा सलग दोन दिवस बंद. ज्या व्यापाऱ्याने हे आधी पाहिले त्याने चेक वेळेत भरले. ज्याने पाहिले नाही तो रोजा ठेवून बंद दारावर टकटक करीत राहिला.

ईदची रात्र आणि गाडीचे आरक्षण

आता आपल्या स्वतःच्या सणाकडे वळू. कारण दुसऱ्याचा सण विसरणारे आपण स्वतःची ईद तरी नीट धरतो काय?

२०२५ सालची गोष्ट. भारतात रमजान २ मार्चला सुरू झाला. अनेकांनी ३० रोजे गृहीत धरून १ एप्रिलच्या ईदचा हिशेब बांधला. चंद्र २९ ला दिसला आणि ईद ३१ मार्चला झाली. आमच्या ओळखीचा एक वेल्डर मुलगा पुण्याला कामाला असतो. त्याचे तिकीट ३१ तारखेला संध्याकाळी घरी पोहोचवणारे होते. त्याची ईद गाडीच्या डब्यात गेली. इकडे आईने शीरखुर्म्याचे भांडे झाकून ठेवले आणि दिवसभर दाराकडे पाहत बसली. त्याच दिवशी आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस होता, म्हणून आमचे काही दुकानदार ईदगाहातून थेट हिशेबाच्या वह्यांवर जाऊन बसले.

हे टाळता येण्यासारखे होते. आपल्या सणांपैकी फक्त रमजान ईदच अशी आहे की जिचा निकाल आदल्या रात्री लागतो. बकरी ईद जिलहिज्जाच्या दहाव्या तारखेला, म्हणजे चंद्र दिसल्यावर दहा दिवसांची मुदत मिळते. आशुरा मुहर्रमच्या दहाव्याला आणि ईद-ए-मिलाद रबीउल अव्वलच्या बाराव्याला. तेथेही मुदत आहे. तेव्हा खरी सावधगिरी एकाच रात्रीसाठी हवी.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे रमजानच्या एक महिना आधी, शाबानच्या पहिल्याच दिवसांत, ईदचे तिकीट काढायला बसले पाहिजे. त्या वेळी रमजानचाही चंद्र दिसलेला नसतो. म्हणून आमची सूचना अशी की, ईदची जी सर्वात लवकरची तारीख शक्य आहे तिच्या दोन दिवस आधी घरी पोहोचेल असे तिकीट काढावे. दोन दिवसांची मजुरी बुडते हे खरे, पण मालकाला महिनाभर आधी सांगितले तर ती कामे आधी उरकता येतात. चाँदरातीला फलाटावर उभे राहून जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा शोधण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे.

मालक मंडळींनाही आमचे सांगणे आहे. आपल्याकडे कारागीर बाहेरगावचा असेल तर त्याच्या ईदची रजा त्याने मागण्याआधी तुम्ही विचारा. ईद झाल्याबरोबर कारखाने भरत नाहीत. उत्तर प्रदेश-बिहारकडे गेलेला कारागीर परत यायला वेळ लागतो. ईदनंतरच्या आठवड्यात माल देण्याचे वचन देणारा व्यापारी स्वतःची पत घालवतो.

पुढच्या काळाचाही विचार हवा. येत्या काही वर्षांत रमजान थंडीत येत आहे. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. २००० साली याच तऱ्हेने जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर एक अशा दोन ईद झाल्याचे अनेकांना आठवत असेल. २०३३ मध्ये ईद नाताळच्या अगदी शेजारी येईल. हाच काळ वऱ्हाडात जिनिंगचा, गाद्या-रजयांचा आणि कापूस बाजाराचा भर. दिवसभर रुईच्या धुळीत रोजेदार किती काम करू शकेल? म्हणून पिंजारी बांधवांनी मोठी कामे दिवाळीच्या आसपासच घेऊन टाकावीत आणि जिनिंगच्या मुकादमांनी पाळ्या ठरवताना इफ्तारची वेळ धरावी. याचा विचार त्या वर्षी नव्हे, आतापासून व्हावा.

नाताळ, उपासकाळ आणि जत्रा

ख्रिस्ती ग्राहकाचे वर्ष आमच्या कारागिराने एकदा समजून घेतले तर त्यात रोजीच्या पुष्कळ वाटा आहेत. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांचा उपासकाळ. गोवा-वसईकडचे कॅथलिक त्या काळात सहसा लग्ने ठेवत नाहीत. म्हणून पलंग, कपाटे, गाद्या, सूट-शेरवानी यांची मागणी त्या दिवसांत मंदावते आणि ईस्टरनंतर पुन्हा उठते. अनेक जण त्या काळात शुक्रवारी मांस खात नाहीत, हे खाटीक बांधवांनी ध्यानात ठेवावे. गुड फ्रायडे हा शोकाचा दिवस आहे. त्या दिवशी "हॅपी" म्हणून हात पुढे करणारा विक्रेता स्वतःचे अज्ञान दाखवतो. मुहर्रमच्या दहाव्या तारखेला कोणी आपल्याला मुबारक म्हटले तर कसे वाटेल?

जत्रांचेही तसेच. बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरच्या आसपासच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त ३ डिसेंबरला असते आणि दर दहा वर्षांनी त्यांच्या अवशेषांचे दर्शन होते. मागचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. तेथे मांडवाखाली कपडे, खेळणी, चपला, मिठाई यांची दुकाने लागतात. आमच्या फेरीवाल्यांनी अशा ठिकाणी जायचे तर जागा आणि तिकीट दोन्ही दोन महिने आधी धरावे. नाताळच्या आठवड्यात गोव्याकडच्या गाडीत ऐनवेळी जागा मिळत नाही, आणि नाताळची ऑर्डर २० डिसेंबरला पोहोचवून उपयोग नाही.

परदेशचा वार

आमचा माल आता सीमेपलीकडेही जातो. विदर्भातला कापूस आणि संत्री बांगलादेशात जात आली आहेत. तेथे साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवार. ईदला पेट्रापोल-बेनापोल नाक्यावरची वाहतूक बंद राहते. २०२५ च्या बकरी ईदला तेथील सरकारने दहा दिवसांची सुटी दिली होती. नाशवंत माल घेऊन निघालेल्या ट्रकला असा आठवडा म्हणजे सरळ तोटा.

आखाती देशांतही एकच नियम नाही. सौदी अरबस्तानात पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुटी होती, ती जून २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असा बदल केला. दुबईला आणि रियाधला एकाच फेरीत जाणाऱ्याने वारांचा हा फरक धरला नाही तर आठवड्याचे चारच पूर्ण दिवस हाती राहतात. शिवाय सौदीची ईद आपल्यापेक्षा बहुधा एक दिवस आधी असते, हेही विसरू नये.

दोन आक्षेप

या विषयावर आम्ही बोलू लागलो की दोन आक्षेप ऐकू येतात.

पहिला असा की, रोजी अल्लाहच्या हाती आहे, मग इतका हिशेब कशाला? रोजी अल्लाहच्याच हाती आहे, यात शंका नाही. परंतु आधी उंट बांधावा आणि मग तवक्कल करावा, ही शिकवणही आपलीच. मुसाफिराला नमाजेत कसर आणि रोज्यात सवलत दिली गेली, याचा अर्थच असा की आपल्या दीनने प्रवासाच्या अडचणी आधी ओळखल्या होत्या. मग आपण का ओळखू नयेत?

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. आमच्या सणाची कोण पर्वा करतो, म्हणून आम्ही दुसऱ्याचे सण लक्षात ठेवावेत? हा सवाल करणाऱ्यांची वेदना आम्ही समजतो. जुम्याच्या वेळेलाच बैठक ठेवली जाते, ईदच्या दिवशी माल मागितला जातो, हे सर्वांनी सोसले आहे. परंतु याला उपाय रुसवा नव्हे. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या. मुंबईच्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि राज्य सरकारनेही २९ सप्टेंबरला सुटी दिली. २०२४ आणि २०२५ मध्येही मुंबईत जुलूस व सुटी अशीच पुढे नेण्यात आली. त्याच २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद २९ जूनला एकत्र आल्या, तेव्हा राज्यात अनेक गावांच्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचा निर्णय घेतला. दुसऱ्याच्या दिवसाचा मान राखल्याने आपला दिवस लहान झाला नाही. उलट आपल्या दिवसाचा मान मागण्याचा हक्क अधिक पक्का झाला.

आणि आदर्श पाहायचा तर मदिनेकडे पाहा. तेथील यहुदी आशुराचा रोजा ठेवतात हे दिसल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्याचे कारण विचारले. त्या विचारण्यात कमीपणा नव्हता. मग एका ग्राहकाला "आपला सण केव्हा?" असे विचारताना आमची जीभ का अडखळावी?

आम्ही काय करतो

टेम्पोच्या त्या प्रसंगानंतर आम्ही दुकानात एक साधी पद्धत ठेवली आहे. उधारीच्या वहीत प्रत्येक बाहेरगावच्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहितो. त्याचा सुटीचा वार, त्याचे वर्षाचे मोठे सण आणि त्याला भेटण्याची सोयीची वेळ. भिंतीवरच्या कॅलेंडरात आपल्या, ख्रिस्ती व यहुदी सणांवर वेगवेगळ्या रंगाची खूण करतो. आपल्या सणांच्या आगे-मागे एक दिवस मोकळा सोडतो, कारण चंद्राचा भरवसा २९ लाच लागतो. दुसरा व चौथा शनिवार बँक बंद असते, ती खूण वेगळी. पैसे आता मोबाइलवरून रात्रीही पाठवता येतात हे खरे, परंतु चेक, रोख भरणा, गोदाम, हमाल आणि माणूस हे अजून सुटीच्या दिवशी मिळत नाहीत.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे सौदा ठरवतानाच आपलीही वेळ स्पष्ट सांगतो. "शुक्रवारी एक ते दोन आम्ही मिळणार नाही. रमजानात असरनंतर प्रवास करणार नाही. ईदच्या आठवड्यात माल निघणार नाही." प्रथम वाटले होते की अशाने गिऱ्हाईक तुटेल. तसे झाले नाही. आधी सांगितलेली अडचण ही अडचण राहत नाही, ती शर्त होते. ऐनवेळी सांगितलेले खरे कारणही बहाणा वाटते.

व्यापारी व कारागीर बांधवांनो, शनवार तेल्याचा घाणा एक दिवस थांबला म्हणून त्याचे गिऱ्हाईक गेले नाही, कारण गावाला तो वार माहीत होता. आपला जुमा आणि आपली ईद आपल्या गिऱ्हाइकाला अशीच माहीत असावी, आणि त्याचा शब्बाथ, त्याचा रविवार, त्याचा गुड फ्रायडे आपल्याला. धामणगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना हातात अर्धा तास असतोच. त्या अर्ध्या तासात, ज्याच्याकडे निघालो आहोत त्याला एक फोन करावा आणि विचारावे, "उद्या आपल्याकडे काही सण तर नाही ना?" शब्बाथ असेल तर फोन उचलला जाणार नाही. मग तिकीट बदलावे, इन्शाअल्लाह नुकसान टळेल.